वाट पाहण्याचे कपडे

तुइरा, औलू
६ ऑक्टोबर

राउनो,

तुझं कार्ड मिळालं. पुढे निळा समुद्र, एक खजुराचं झाड, आणि मागे तुझं अक्षर : ‘इथे अजून नुसत्या शर्टावर फिरतो. गुडघे उत्तम.’ गुडघ्यांचं कळवलंस ते बरं केलंस. इथे सगळे त्यांच्याच काळजीत होते.

मी फोन करणार होते, पण फोन सिनिक्का उचलते आणि ‘हॅलोऽऽ’ असं गाऊन म्हणते. तरणतलावाच्या सौनात, वाफेच्या त्या खोलीत, वर्षानुवर्षं मी त्या बाईची पाठ घासून दिली आहे. आता तिच्याकडून ‘थांब हं, देते त्याला’ हे ऐकायची माझी तयारी नाही. म्हणून पत्र.

तू मोटार घेऊन गेलास. अख्खा युरोप ओलांडून नेलीस, कारण म्हणे तिकडच्या बसचा भरवसा नाही. शाळेचं स्वयंपाकघर मला पहाटे उघडावं लागतं आणि त्या वेळी आपल्याकडे बसच सुटत नाही, हे तुला माहीत होतं. निदान माहीत असायला हवं होतं, इतकी वर्षं माझा गजर तुझ्याच कानाशी वाजत होता. तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी मी सायकल बाहेर काढली आहे. उन्हाळ्यात बाजारात जाण्यापुरती मी ती वापरायची, आता दोन्ही पूल ओलांडून गावात जाते. अजून फक्त पाऊस आहे. पुढे काय होणार ते पुढे बघू.

आता खरी गोष्ट. तुझी आई रोज विचारते, राउनो नाताळला येणार ना? तू जाताना तिला सांगून गेलास की डॉक्टरांनी संधिवातासाठी ऊन घ्यायला सांगितलंय. ते खोटं तुझं, मी ते फक्त मोडलं नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. माझा नवरा माझ्याच मैत्रिणीबरोबर निघून गेला हे सासूच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटते, म्हणून.

ती अंगणातल्या तिच्या छोट्या घरातून संध्याकाळी माझ्याकडे कॉफीला येते, खिडकीशी बसते आणि तेच विचारते. मी म्हणते, बघू. ऐंशीला टेकलेल्या बाईला ‘बघू’ म्हणायला मला बरं वाटत नाही. हो की नाही, एका शब्दात लिही. कार्डावर मावेल.

हेल्लेवी


४ नोव्हेंबर

राउनो,

तुझ्या दुसऱ्या कार्डावर गाढव आहे आणि टोपी घातलेला माणूस आहे. नाताळबद्दल अवाक्षर नाही. मी जे विचारलं ते तुझ्यापर्यंत पोचतं की वाटेत वितळतं?

इथे पाणी गोठलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा शून्याखाली सायकल घेऊन निघाले आणि तुझ्या आईने मला फाटकातच अडवलं. माझ्या अंगावर तुझा जुना जाड कोट होता, आत दोन स्वेटर, पायांत दोन-दोन मोजे. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

“कुठे निघालीस, चंद्रावर?” ती म्हणाली. “काढ तो कोट.”

“अहो आई, थंडी आहे!”

“आहेच. दारात थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर दुसऱ्या पुलावर घाम फुटेल, आणि घाम फुटला की मेलीस. काढ.”

मग तिच्या घरात नेऊन तिने मला लहान मुलीसारखं उघडं केलं आणि पुन्हा कपडे चढवले. अंगाला लागून पातळ लोकर, सुती काही नाही. छातीवर कालच्या पेपरची घडी, वाऱ्यासाठी. वर हलकं जाकीट. पायांत एकच जोडी मोजे पण बूट एक नंबर मोठा, बोटं हलली पाहिजेत म्हणून. पाच बोटांचे हातमोजे तिने फेकून दिले. “बोटं एकमेकांना ऊब देतात, त्यांना वेगळं कशाला राहायला लावतेस?” अंगठा सुटा आणि चार बोटं एकत्र असे लोकरी मोजे तिने दिले, तिनेच विणलेले, कोपरापर्यंत लांब. गालांना चरबी चोळली. सीटवर रेनडिअरचं कातडं बांधलं. आणि म्हणाली, “हळू चालव. घाईत माणूस आधी घामेजतो, मग गारठतो.”

लढाईच्या दिवसांत ती याच पुलांवरून सायकलवर दुधाचे डबे नेत असे, हे तू लहानपणी ऐकलं असशील. मी इतकी वर्षं सून होते आणि मला हे आत्ता कळतंय. आम्ही दोघी मोटारीत पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून भांडत होतो, दुसरं काही बोलायला वेळच नव्हता.

ती बरोबर होती. पहिल्या पुलावर मी कुडकुडले, तुला शिव्या दिल्या. दुसऱ्यावर अंग उबेला आलं. शाळेत पोचले तेव्हा पाठ कोरडी होती. मला इतका आनंद झाला की चिडच आली. तू गेल्यावर मला कशाचाही आनंद व्हायला नको होता, असं मी ठरवलेलं होतं.

नाताळचं कळव.

हेल्लेवी


२९ नोव्हेंबर

राउनो,

तू लिहितोस, ‘आईला सायकल चालवू देऊ नकोस, या वयात बरं नाही.’ तिकडे फुएन्हिरोलात समुद्राकाठी उन्हात बसून इथली सायकल थांबवतोयस, वा! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ती कुणाचं ऐकत नाही हे तुला माहीत आहे, आणि का ऐकावं? ती दुकानात जाते, वाचनालयात जाते, रविवारी तुझ्या वडिलांच्या थडग्यावर जाते. सायकल काढून घेतली तर चार महिने खिडकीत बसेल. मग तिचं काय होईल ते मला बघावं लागेल, तुला नाही.

इथे आता उणे वीस आहे. सायकलचे रस्ते पहाटे आधी साफ होतात, त्यावर घट्ट दाबलेला बर्फ, त्यावर माझे खिळ्यांचे टायर करकरत जातात. पापण्यांवर पांढरं जमतं. मुलं शाळेत येतात ती अशीच, गाल लाल, मफलरवर बर्फाची मिशी. माझ्या टेबलापाशी वाडगी पुढे करून म्हणतात, “हेल्लेवीकाकू, तुम्हीपण सायकलवर? तुमचा नवरा सोडत नाही का आता?” मी सूप वाढते.

परवा एक मूर्खपणा केला. येताना वारा फार होता म्हणून दोन पुलांच्या मध्ये कॉफीच्या टपरीत शिरले. पंधरावीस मिनिटं. गरम कॉफी, दालचिनीचा पाव, रेडिओ. काय सुख होतं! बाहेर आले आणि दुसऱ्या पुलावर असं वाटलं की कुणी ओलं फडकं पाठीला लावून गोठवतंय. घरी आले ती दात वाजवत. तुझ्या आईने एका नजरेत ओळखलं.

“मध्येच उबेत गेली होतीस.”

“जरा वेळ.”

“जरा वेळानेच माणसं मरतात. निघालीस की पोचेपर्यंत आत शिरायचं नाही. ऊब घरी. नाहीतर मुळात निघायचंच नाही.”

ती माझी पाठ टॉवेलने खसाखसा पुसत होती आणि बोलत होती. मला रडू आलं. थंडीमुळे नाही. कुणी माझी पाठ पुसून बरेच दिवस झाले होते, एवढंच.

आणि मग टॉवेल वाळत घालताना तिने पुन्हा विचारलं. “नाताळचं काही लिहिलंय का त्याने?”

राउनो, मी तुझ्याकडे स्वतःसाठी काही मागत नाही. माझ्यासाठी तू आलास तर मी दारही उघडणार नाही, असं निदान आज तरी वाटतंय. पण तिला एक दिवस दे. येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही, मी सांगेन तिला. ‘नाही’ ऐकून ती मरायची नाही. ‘बघू’ मात्र तिला खातंय.

हेल्लेवी


१० डिसेंबर

राउनो,

सहा तारखेला, आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी, तू आईला फोन केलास म्हणे. ती खिडकीत दोन मेणबत्त्या लावत होती तेव्हा. मी माझ्या घरात होते, मला काय बोललात ते माहीत नाही. ती सांगत नाही. नुसती हसते.

आता ती मला विचारतच नाही. दोन महिने रोजचा एक प्रश्न, आणि आता काही नाही. केस कापून आली. तिने तिच्या लांब लोकरी विजारीला नवं रबर घातलं. काल सायकलची साखळी पुसत होती, पातळ तेल घालत होती, थंडीत घट्ट होत नाही ते. मी म्हटलं, “आई, कुठे शर्यत आहे का?” तर म्हणाली, “म्हातारीला काही गुपित असू नये की काय?”

तू येणार असशील तर मला कळव. मला काही घर सजवायचं नाहीये. पण हॅम किती किलोचा घ्यायचा ते ठरवावं लागतं. आणि तू कुठल्या खोलीत झोपशील तेही.

येणार नसशील आणि तिला येतो म्हणाला असशील, तर तसंही कळव. तेच आधी कळव.

हेल्लेवी


२६ डिसेंबर

राउनो,

तू फोन केलास तेव्हापासून जे झालं ते मी एकदाच लिहिते. पुन्हा विचारू नकोस.

चोवीस तारखेला सकाळी उणे सत्तावीस होतं. तुझी आई अंधारातच निघाली. हँडलला मेणबत्त्यांची पिशवी. मी म्हटलं, थांबा, मी येते बरोबर, वडिलांच्या थडग्यावर एकत्र लावू. “नको. म्हाताऱ्याशी मला एकटीला बोलायचंय,” असं म्हणून गेली. मी लापशी ढवळत होते. मला संशय यायला हवा होता का? सगळं गाव त्या दिवशी इन्तियोच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातं. मला नाही आला.

नऊच्या सुमारास तू फोन केलास. तुझा आवाज गोड होता. “आई कुठे आहे?” तू विचारलंस. मी म्हटलं, “दफनभूमीत गेलीय.” मग म्हणालास, “बरं. तिला सांग, यंदा जमत नाही. नाताळच्या शुभेच्छा. तुलाही.” आणि ठेवलास. सांगायची लाज वाटते, पण त्या ‘तुलाही’ने मला दहा मिनिटं बरं वाटलं.

तुला माहीत होतं ती कुठे आहे. हेलसिंकीहून रात्रीची गाडी सकाळी औलूत येते, त्या गाडीने येतो, हेल्लेवीला सांगू नको, तिला चकित करू, असं तू तिला सांगितलं होतंस. ती म्हणाली होती, “मी स्टेशनवर येईन,” आणि तू म्हणाला होतास, “ये, ये.” हे मला आता तिच्याकडून कळलंय. मी ‘दफनभूमीत’ म्हटलं आणि तुझी सुटका झाली. तुला सोयीचं होतं म्हणून तू ते खरं मानलंस. एक वाक्य बोलला असतास, ‘ती स्टेशनवर असेल,’ तर मी टॅक्सी करून तिला आणलं असतं. एका वाक्याने माझं तुझ्याबद्दलचं मत काही आणखी वाईट होणार नव्हतं, राउनो.

गाडी थंडीमुळे खूप उशिरा आली. तोवर तुझी आई फलाटावर उभी होती.

दुपारी बाराला मी टीव्ही लावला. तुर्कू शहरात दर वर्षीप्रमाणे नाताळच्या शांततेची घोषणा वाचत होते. मी खिडकीतून पाहिलं तर ती वळणावरून येत होती. ताठ बसलेली, अगदी हळू. मला वाटलं, चला, वेळेवर आली, लापशी गरम आहे. ती अंगणात आली आणि थांबली नाही. अंगणाला एक चक्कर मारून लाकडाच्या खोपटाशेजारच्या बर्फाच्या ढिगात सायकल घातली, आणि तशीच सीटवर बसून राहिली. पाय उलटे मारून ब्रेक लावायचा असतो, ते पाय तिचं ऐकत नव्हते.

मी धावले. “आई, हँडल सोडा.”

“सोडलंय की,” ती म्हणाली.

तिने सोडलं नव्हतं. तिने खाली आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत राहिली. मी एकेक हात मोज्यासकट मुठीवरून सोडवला. आत नेलं. हात चोळले नाहीत, ते तिनेच शिकवलं होतं, कोमट पाण्यात धरले. अँब्युलन्स बोलावली. तिची वाट बघत असताना आई एवढंच म्हणाली, “गाडी उशिरा आली.”

“कोणती गाडी?”

“हेलसिंकीची. तो नव्हता त्यात. मी पुढच्या गाडीचं विचारलं, तर आज पुढची गाडी नाही म्हणाले.”

टीव्हीवर लोक गाणं म्हणत होते. मी जाऊन तो बंद केला.

उजव्या हाताच्या तीन बोटांचं काही खरं नाही असं डॉक्टर म्हणतात. छातीत कफ आहे. ताप आहे. मेणबत्त्या पिशवीतच होत्या. त्या काल संध्याकाळी मी जाऊन लावल्या.

हेल्लेवी


१९ जानेवारी

राउनो,

तुझं पत्र चार पानी आहे. कार्डावरून चार पानांवर आलास, म्हणजे घाबरला आहेस. तिकीट काढणारच होतास, पैसे भरायला जाणारच होतास, पण सिनिक्काचे पाहुणे आले. ठीक आहे. पाहुणे येतात.

पण पुढे तू विचारतोस : ‘तिच्या अंगावर पुरेसे कपडे होते का? तू बघितलं नाहीस? एवढ्या थंडीत तिला नीट कपडे घालायला सांगायला नको?’ चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी आता घरपोच अनुभवते आहे. विचारलंस म्हणून सांगते. दवाखान्यात ते कपडे त्यांनी पिशवीत भरून माझ्याच हातात दिले.

अंगाला पातळ लोकर. छातीवर पेपर. वर हलकं जाकीट, वारा अडवणारं. नवं रबर घातलेली विजार. मोठे बूट, एकच जोडी मोजे. कोपरापर्यंत लांब हातमोजे. कानटोपी, मफलर, गालांना चरबी. सगळं बरोबर होतं. त्या सकाळी औलूत तिच्याइतके नीट कपडे घातलेलं माणूस नसेल. पण ते सायकल चालवणाऱ्या बाईचे कपडे होते. पाय चालत असतात तोवर अंगातच शेगडी पेटलेली असते, तेव्हा वर कमी घालायचं, हे तिचं शास्त्र. उभं राहिलं की शेगडी विझते. ती चालवण्याच्या बेताने कपडे घालून गेली, कारण तिला तिथे थांबावं लागेल असं तिला वाटलंच नव्हतं. तू सांगितलेल्या वेळी गाडी येणार, तू उतरणार, आणि ती सायकल हातात धरून तुझ्याबरोबर घरी चालत येणार. वाट पाहायला जायचंय असं कुणी सांगितलं असतं तर तिने तो तुझा जाड कोट घातला असता.

आणि ती आत का गेली नाही? हेही तू विचारतोस. तिकीटखिडकीतली बाई दोनदा बाहेर आली होती. “आजी, आत या, कॉफी घ्या.” आई म्हणाली, “नको बाळ, घाम सुटेल. मग घरी जाताना गोठेन.” मध्येच उबेत जायचं नाही. मला टॉवेलने पुसताना सांगितलं होतं तेच. आणि दुसरं कारण तिने मला दवाखान्यात दिलं, फार हळू आवाजात : “तो उतरला आणि मी दिसले नाही, तर त्याला वाटेल मी आले नाही.”

तिला वाटलं, तुला वाईट वाटेल.

तू लिहितोस, ती हट्टी आहे. आहे. हट्टी नसती तर त्या हातांनी दोन पूल ओलांडून घरी आली नसती, वाटेत कुठेतरी बसली असती आणि तू पुढच्याच विमानाने आला असतास, काळा सूट घालून. त्यासाठी तुला तिकीट मिळालं असतं.

आता ऐक. बोटं कापली, तीन, दुसऱ्या पेरापासून. कफ कमी होतोय. तिला मी माझ्या घरात आणलंय, तुझ्या खोलीत. गेल्या आठवड्यात, ती दवाखान्यातच असताना, मला राहवलं नाही. मी म्हटलं, आई, आता लपवत नाही, राउनो संधिवातासाठी गेलेला नाही. तो सिनिक्काबरोबर राहतो. ती उशीवर डोकं टेकून छताकडे बघत होती. म्हणाली, “अगं, ते मला ऑगस्टपासून माहीत आहे.”

“कसं?”

“संधिवाताचा माणूस पोहायच्या तीन-तीन चड्ड्या नेतो होय? अन् तिनं त्याच आठवड्यात केस रंगवले. मला वाटलं, तुलाच माहीत नाही.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू संधिवात-संधिवात इतकं मनापासून सांगत होतीस. म्हटलं, बिचारीचा विश्वास आहे, कशाला मोडा.”

आम्ही दोघी हसलो. इतकं हसलो की तिला खोकला आला आणि नर्स रागावली. मग दोघीही रडलो, पण आधी हसलो, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तर बघ, तिला सगळं माहीत होतं. तू कुणाबरोबर आहेस, कसा आहेस, सगळं. हे माहीत असून ती स्टेशनवर गेली. हे माझ्याच्याने गिळवत नाही.

हेल्लेवी


१७ फेब्रुवारी

राउनो,

तुझं पत्र आलं. तू येतोस. या वेळी तिकीट खरंच काढलंयस, त्याची प्रतही जोडली आहेस. मी मागितली नव्हती, पण जोडलीस, म्हणजे लोक तुझ्या शब्दावर आता विसंबत नाहीत हे तुझ्याही लक्षात आलेलं दिसतं. सिनिक्काचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. ‘शांतपणे बसून सगळं बोलू’ असं लिहिलंयस. सगळं म्हणजे काय ते मला कळलं नाही.

आईचं सांगते. हात बरा होतोय. बटणं लावता येत नाहीत, विणता येत नाही, हँडल धरता येत नाही. डावखुरी व्हायचा प्रयत्न करते आणि वाडगी सांडते आणि स्वतःलाच शिव्या घालते. तिची सायकल तिने मला दिली. माझ्या सायकलपेक्षा तिची जड आहे पण सरळ चालते. मी कामावरून आले की ती खुर्चीतूनच ओरडते, “घाम आला का?” मी म्हणते नाही. ती म्हणते शाबास. मला खरंच घाम येत नाही आता. जानेवारीत एका सकाळी उणे एकतीस होतं आणि मी कोरडी पोचले. स्वयंपाकघरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, चेष्टेत, पण वाजवल्या.

ती आता बाहेर जात नाही. मी तुला नोव्हेंबरात लिहिलं होतं तसंच झालं, ती खिडकीत बसते. फरक इतकाच की ती रस्त्याकडे बघत नाही. खुर्ची तिने फिरवून घेतली आहे, शेगडीकडे तोंड करून.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवायला बसले. “राउनो येतोय, आई,” मी म्हटलं. “तिकीट काढलंय. तारीख आहे. सांगू?”

तिने तो बांधलेला हात वर केला, मला थांबवायला.

“नको.”

“अहो, पण या वेळी खरंच—”

“असेल. येऊ दे. त्याचं घर आहे. पण मला तारीख सांगू नकोस, हेल्लेवी. तारीख कळली की आदल्या दिवसापासून मी कपडे काढून ठेवीन. मला ठाऊक आहे मी कशी आहे ती. मला तेवढ्यापासून वाचव.”

मग म्हणाली, “दारात दिसला तर दिसला. मी म्हणेन, ये, बस. पण त्याच्यासाठी माझ्याकडे आता आणखी बोटं नाहीत.”

ती हे रागाने बोलली नाही. बाजारातून काय आणायचं नाही ते सांगावं तसं बोलली. मला वाटतं, रागाने बोलली असती तर तुझ्यासाठी बरं झालं असतं.

तेव्हा तिला तारीख माहीत नाही. मी सांगणार नाही, आणि तूही आधी फोन करू नकोस. ये किंवा नको येऊ, तिच्यासाठी दोन्ही सारखं राहील अशी व्यवस्था मी केली आहे. स्टेशनवर कुणी येणार नाही. टॅक्सी कर.

मी मात्र ते पत्र वाचलं आहे. ती छापील प्रत जोडली नसतीस तर मला तारीख नीट दिसलीही नसती, चष्मा शाळेत विसरले होते. आज सकाळी सूप ढवळता ढवळता मी आमच्या मुख्य बाईंना सांगून त्या दिवसाची रजा घेतली. त्यांनी विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, नाही. रजा का घेतली ते मलाही सांगता येत नाही, आणि यासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही.

हेल्लेवी